दहा इंची टायरच्या शोधात

शहापूरहून मुरबाडला जाताना सापगावजवळ भातसा ओलांडावी लागते. या रस्त्यावर दिवसभरात रबराचे किती प्रकार धावतात! रिक्षाला आठ इंची, स्कूटरला दहा इंची, छोट्या टेम्पोला बारा इंची, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना सोळा इंची. पलीकडे आग्रा रोडला लागलं की ट्रकचे टायर आणि त्यांच्यावर नवं रबर चढवून देणारी रिमोल्डची दुकानं. इतकं सगळं असूनही, आपली मुलं कॉलेजच्या वर्कशॉपात स्वतःच्या हातांनी शर्यतीची गाडी बांधतात तेव्हा तिला हवा तो टायर या रस्त्यावर मिळत नाही. तो अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातून मागवावा लागतो.

विद्यार्थ्यांच्या या शर्यती आता आपल्याकडे चांगल्या रुजल्या आहेत. मातीतली ‘बाहा’ २००७ मध्ये इंदूरजवळच्या पीथमपूरला सुरू झाली. डांबरावरची ‘फॉर्म्युला भारत’ कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर भरते. मुंबईतून सोमय्या कॉलेजचा ‘ओरायन रेसिंग इंडिया’ आणि आयआयटीचा ‘आयआयटी बॉम्बे रेसिंग’ हे संघ तर परदेशातल्या मैदानांवरही उतरले आहेत. गाडी एकाच माणसाची, उघड्या चाकांची, वजनाला मारुती ८०० च्या निम्म्याहूनही कमी.

टायरची अडचण या हलकेपणातूनच येते. रस्त्यावरच्या मोटारीचा टायर हजारो किलोमीटर टिकावा म्हणून कडक रबराचा असतो. रबराचा कडकपणा ‘शोअर ए’ या मापात मोजतात. साधा टायर त्यावर साठ ते सत्तरच्या घरात भरतो, शर्यतीचा बिननक्षीचा टायर, म्हणजे ‘स्लिक’, पन्नासच्या आसपास किंवा त्याहून मऊ. रबर तापलं की डांबराच्या बारीक खडबडीत शिरतं, आणि पकड येते ती तिथून. पण अडीचशे किलोच्या गाडीखाली कडक रबर तापतच नाही. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेतली सर्वांत लांब परीक्षा २२ किलोमीटरची आणि वेगाची दौड फक्त ७५ मीटरची. साधा टायर गरम होईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. म्हणून ट्रकसाठी उत्तम असलेलं रिमोल्ड इथे कामाचं नाही. ते रबर झीज कमी व्हावी म्हणूनच घडवलेलं असतं.

टायरचा आणखी एक गुण हलक्या गाडीच्या बाजूने आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणजे त्याच टायरवर हलकी गाडी प्रत्येक किलोमागे जास्त पकड मिळवते. ज्या संघाकडे पैसे कमी आहेत त्याने महागड्या टायरमागे धावण्याआधी गाडीचे वीस किलो उतरवावेत, असं माझं ठाम मत आहे. वजन उतरवायला मेहनत लागते, परकीय चलन लागत नाही.

मात्र कुठला टायर घ्यायचा हे गाडीची पहिली रेघ ओढण्याआधी ठरलं पाहिजे. दहा इंची रिम घेतली तर चाक हलकं होतं, पण ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर त्या एवढ्याशा घेरात बसवावे लागतात. तेरा इंचीत जागा मिळते, वजन वाढतं. नवखे संघ कित्येकदा छोट्या मोटारींचे तेरा इंची टायर लावून पहिलं वर्ष काढतात. मला ते पटतं. पहिल्या वर्षी गाडी शेवटपर्यंत धावणं महत्त्वाचं. त्या टायरवरसुद्धा हवा दोन पौंड कमी-जास्त करून, प्रत्येक फेरीनंतर टायरची आतली कड, मध्य आणि बाहेरची कड यांचं तापमान टिपून ठेवलं, तर पुढच्या वर्षीच्या स्लिकचा पैसा वाया जात नाही.

पावसातल्या टायरचा नियम तर आपल्या बाजूचाच आहे. नक्षीची खोली किमान २.४ मिलिमीटर हवी, आणि खाचा कंपनीने किंवा तिने नेमलेल्या माणसानेच पाडलेल्या असाव्यात. जुन्या स्लिकला घरी कापून खाचा पाडणं चालत नाही. उलट दुकानातला साधा नवा रेडियल, माप जुळलं तर, या नियमात सहज बसतो. वापरलेले स्लिक स्वस्तात मिळत असतील तर आधी बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचावेत. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मऊ रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं, म्हणून वरून कोरा दिसणारा टायरही फसवू शकतो.

इंडियानाहून येणारा तो टायर म्हणजे ‘हूजियर’. १९५७ मध्ये बॉब न्यूटन नावाच्या शर्यतपटूला रस्त्यावरचे कडक टायर नकोसे झाले. त्याने काय केलं? जुन्या टायरवर मऊ रबर चढवायला सुरुवात केली. जांभळ्या रंगाच्या एका जुन्या कोठारात त्याचं काम चालायचं. म्हणजे आज जगभरचे विद्यार्थी ज्या टायरसाठी पैसे साठवतात, त्याचा जन्म रिमोल्डमधून झाला. ही कंपनी २०१६ मध्ये टायर बनवणाऱ्या कॉन्टिनेन्टलने विकत घेतली.

आपल्याकडे हे सगळं हाताशी आहे. सिएटचे टायर भांडुपला बनत आले आहेत, आणि कंपनीचा अंबरनाथचा कारखाना तर आपल्याच ठाणे जिल्ह्यात. वाळूजची बीकेटी ही कंपनी एटीव्हीचे, म्हणजे कच्च्या वाटेवर धावणाऱ्या छोट्या गाड्यांचे, टायर बनवते, पण माल बहुतेक परदेशी जातो. बाहाच्या गाडीला तसेच टायर लागतात. दुसरीकडे, जून २०२० मध्ये सरकारने मोटारींच्या नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली, त्यामुळे बाहेरून माल आणणं आणखी किचकट झालं. अंबरनाथचा कारखाना मात्र गाडी बांधणाऱ्या मुलांपासून लोकलच्या अंतरावर आहे. दहा इंची मऊ स्लिकचा एक साचा काढणं, रबराचे दोन-तीन प्रकार करून पाहणं आणि त्यांची मोजमापं विद्यार्थ्यांच्या हाती देणं, एवढं काम त्या कारखान्याला जड नाही. अशा मोजमापांसाठी परदेशात विद्यार्थी संघ वर्गणी काढतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोमध्ये कॅल्स्पन या कंपनीच्या यंत्रावर टायर तपासून घेतात, आणि वर्गणी भरलेल्या प्रत्येक संघाला तो तक्ता मिळतो. महाराष्ट्रातल्या संघांनी मिळून अशी वर्गणी काढावी, आणि मागणी एकेकट्याने नव्हे, सगळ्यांनी एकत्र घेऊन अंबरनाथच्या फाटकाशी जावं.