छोट्या मोटारींचा संग्रह आणि घरातील मुले

वितळलेला जस्ताचा मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरून ज्या छोट्या मोटारी घडवल्या जातात, त्यांना डाय-कास्ट मोटारी म्हणतात. इंग्लंडच्या लेस्नी कंपनीने १९५३ मध्ये आणलेल्या ‘मॅचबॉक्स’ मालिकेचे मूळच वडील-मुलीच्या नात्यात आहे. शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा असल्यामुळे कंपनीचे भागीदार जॅक ओडेल यांनी मुलीसाठी पितळेचा इवलासा रोडरोलर बनवला होता. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेल कंपनीची ‘हॉट व्हील्स’ आली. १:६४ हे अशा मोटारी जमवण्याच्या छंदातले रूढ प्रमाण असून, त्यानुसार साडेचार मीटर लांबीची खरी गाडी सुमारे सात सेंटिमीटरांची होते.

हा छंद मुलांसोबत जोपासताना दुर्मीळ, पाकीटबंद मोटारी वरच्या फळीवर ठेवून खेळण्याच्या मोटारी मुलांच्या हाताशी ठेवणे हिताचे ठरते. मात्र सुटी होणारी चाके गिळली जाण्याचा धोका असल्यामुळे तीन वर्षांखालील मुलांना त्या देऊ नयेत. मोटार उलटी करून तळावरचे नाव वाचणे, रंगांनुसार वा बनावटीनुसार रांगा लावणे, यांतून मुलांना वर्गीकरणाची आणि निगा राखण्याची सवय लागते. म्हणूनच पालकांनी संग्रहाची किंमत जपताना मुलांचा त्यावरील हक्कही मान्य करावा.