प्रवासी शिडनौकेची केबिन

प्रवासी शिडनौकेची केबिन म्हणजे साधारणतः २५ ते ४० फूट लांबीच्या, दूरच्या सागरी प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या शिडाच्या नौकेतील डेकखालची राहण्याची जागा होय. निजण्याचे बाक, स्वयंपाकाचा ओटा, नकाशांचे मेज, शौचालय आणि सामानाचे कप्पे हे सर्व याच जागेत सामावलेले असते. वाऱ्यावर चालताना नौका तासन्‌तास एका अंगावर कललेली राहते, प्रसंगी पूर्ण आडवीही होते. त्यामुळे केबिनमधील नीटनेटकेपणा हा शोभेपेक्षा सुरक्षिततेचा विषय ठरतो.

मांडणी

नौकेचा मध्यभाग सर्वांत कमी हलतो. म्हणून स्वयंपाकाचा ओटा आणि प्रवासात झोपण्याची जागा शक्यतो मध्यभागी किंवा त्याच्या किंचित मागे असते. नाळेकडील त्रिकोणी शय्या बंदरात आरामदायी वाटते, परंतु खवळलेल्या समुद्रात तिच्यावर झोपणे जवळजवळ अशक्य असते. बहुतेक नौकांवर प्रवासात तेथे शिडांच्या पिशव्याच ठेवलेल्या आढळतात. झोपलेला माणूस खाली पडू नये म्हणून बाकाच्या कडेला जाड कापडाचा पडदा दोरांनी ताणून बांधतात. मेज व फळ्यांना उभ्या कडा असतात, तर शेगडी दोन खिळींवर झुलती बसवलेली असल्याने नौका कलली तरी भांडे सपाट राहते.

सामानाची साठवण

जड वस्तू खाली आणि मध्यभागी ठेवणे हा मूळ नियम आहे. पाण्याच्या टाक्या, डबाबंद अन्न व अवजारे उंचावर ठेवल्यास नौकेचे स्थैर्य घटते. दोन्ही टोकांना ठेवल्यास ती लाटांवर अधिक आपटते. लोखंडी वस्तू व ध्वनिवर्धक होकायंत्राजवळ ठेवल्यास सुई विचलित होते. हा दोष अनेकदा केबिनच्या भिंतीपलीकडे ठेवलेल्या एखाद्या हत्यारामुळे निर्माण होतो आणि शोधूनही लवकर सापडत नाही.

डब्यांवरील कागदी वेष्टने ओलीने सुटून तळाशी साचलेल्या पाण्यात जातात आणि पंप तुंबवतात. म्हणून दीर्घ प्रवासापूर्वी ती काढून डब्यावर न पुसणाऱ्या शाईने नाव लिहितात. न लिहिल्यास रात्रीच्या जेवणाला काय निघेल, हे डबा उघडल्यावरच कळते. कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात आहे याची वही ठेवण्याची पद्धतही रूढ आहे. औषधे, विजेरी आणि जीवरक्षक साधने अंधारातही हाताला लागतील अशा ठरलेल्या जागी असावी लागतात.

सुट्या सामानाचा धोका

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांची 'सुहेली' ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. दक्षिण महासागरात ती एका लाटेने आडवी झाली, तेव्हा केबिनमधील सामान उधळले आणि केबिनचा सांगाडाच जागेवरून सरकला. टाक्यांतील पिण्याचे पाणीही खराब झाले व पावसाच्या पाण्यावर भागवावे लागले. ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीतील वादळात १५ स्पर्धकांचा मृत्यू झाल्यानंतर नौकांच्या सुरक्षिततेचा नव्याने विचार झाला. आज खोल समुद्रातील शर्यतींच्या नियमांनुसार बॅटऱ्या, शेगडी, गॅसच्या टाक्या यांसारख्या जड वस्तू नौका उलटली तरी सुटणार नाहीत अशा जखडाव्या लागतात. प्रवासी नौकांना हे नियम लागू नसले, तरी आडवी होणारी नौका शर्यतीत आहे की नाही हे लाट पाहत नाही.

ओल आणि बुरशी

खाऱ्या पाण्याने भिजलेले कापड कधीच पूर्ण वाळत नाही, कारण मीठ हवेतील बाष्प सतत शोषून घेते. म्हणून गाद्यांच्या खोळी व कपडे गोड्या पाण्यातूनच धुवावे लागतात आणि ओले कपडे दारापाशीच उतरवण्याची शिस्त पाळावी लागते. गादीखाली फळ्यांची जाळी ठेवल्यास खालून हवा फिरते. पाणी बाहेर काढून हवा आत सोडणाऱ्या डेकवरील पेटीला 'डोरेड पेटी' म्हणतात; ओलिन स्टीफन्स यांनी आरेखित केलेल्या, १९३० साली बांधलेल्या 'डोरेड' या नौकेवरून तिला हे नाव मिळाले. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात लहान नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. अशा वेळी गाद्या घरी नेणे आणि कप्प्यांची झाकणे उघडी ठेवणे श्रेयस्कर ठरते. बंद केबिनमध्ये बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत.

तळ, झडपा आणि गॅस

तळफळ्यांखालील जागा कोरडी व स्वच्छ असल्यास नवी गळती लगेच लक्षात येते. तेथील पाणी चाखून पाहण्याची जुनी रीत आहे: खारे असल्यास ते बाहेरून आले, गोडे असल्यास टाकीतून किंवा पावसातून. तळाला छेदणाऱ्या प्रत्येक नळाची झडप नियमितपणे उघडझाप करून सैल ठेवतात आणि तिच्याशेजारी योग्य मापाची लाकडी गुडदी बांधून ठेवतात.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो खिडकी-दारातून निघून जाऊ शकतो. नौकेत मात्र गळालेला गॅस तळाशी साचतो आणि विजेच्या एखाद्या ठिणगीने स्फोट होतो. यासाठी टाकी केबिनबाहेरच्या, तळाशी समुद्राकडे छिद्र असलेल्या स्वतंत्र कप्प्यात ठेवतात आणि स्वयंपाक संपताच टाकीवरील झडप बंद करतात. वास आल्यास पंखा किंवा दिव्याचे बटणही दाबत नाहीत. ज्योती विझवून, टाकी बंद करून झाकणे उघडतात आणि हातपंपाने तळ उपसतात, जेणेकरून तेथील गॅसही ओढला जातो.