खंदकातून घरी आलेली पत्रं

बालमित्रांनो, परगावी गेलात की घरी काय काय सांगावंसं वाटतं? तिथं काय खाल्लं, काय पाहिलं, माणसं कशी होती! शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्सला गेलेल्या आपल्या सैनिकांनाही अगदी असंच वाटत होतं. फरक एवढाच, की ते सहलीला नव्हे, लढाईला गेले होते.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. आपल्यावर तेव्हा इंग्रजांचं राज्य. त्यांनी हिंदी पलटणी बोटीत बसवून थेट फ्रान्सला धाडल्या. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस पहिले जवान मार्सेय बंदरात उतरले. पुढच्या चार वर्षांत आपल्याकडचे सुमारे १ लाख ४० हजार सैनिक आणि कामगार फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर गेले. त्यांत पंजाबी होते, गढवाली होते, पठाण होते, नेपाळचे गुरखेही होते. बहुतेक सगळे शेतकऱ्यांची पोरं. अंगावर सुती खाकी कपडे आणि समोर युरोपचा कडाक्याचा हिवाळा!

खंदकातली पाळी संपली, की पलटण विश्रांतीसाठी मागच्या खेड्यांत यायची. तिथं या शेतकऱ्यांच्या पोरांची नजर पहिली कुठं जाणार? शेताकडेच! नांगराला बैल नाहीत, दांडगे घोडे जुंपलेले. काही घरी तर लोणी काढायच्या यंत्राचं चाक चक्क कुत्रा फिरवायचा! आणि शेतात राबत होत्या बायका. घरचे पुरुष लढाईवर गेले होते ना!

एका सैनिकाचा मुक्काम तीन महिने एका म्हातारबाईंच्या घरी होता. घर चांगलं खातंपितं. बाईंचे तिन्ही मुलगे लढाईवर गेलेले. एक मारला गेला होता, दुसरा जखमी होऊन इस्पितळात होता, तिसरा खंदकात होता. पण तीन महिन्यांत या सैनिकानं बाईंना एकदाही रिकामं बसलेलं पाहिलं नाही. त्या त्याचे कपडे धुवायच्या, बुटांना पॉलिश करायच्या, रोज सकाळी पाव, लोणी, दूध आणि कॉफी पुढ्यात आणून ठेवायच्या. पलटण निघाली, तेव्हा मात्र त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. वाटखर्चाला म्हणून पाच फ्रँकची नोट त्यांनी त्याच्या हातात कोंबली. त्याला नवल वाटलं ते हेच, की गेलेल्या मुलासाठी ज्यांना त्यानं कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या आपल्यासाठी रडल्या!

सैनिकांच्या पत्रांत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. इथं मुलीसुद्धा शाळेत जातात, इथल्या बायकांना लिहिता-वाचता येतं! फ्रान्समध्ये १८८२ पासूनच ६ ते १३ वर्षांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं झालं होतं. आणि आपल्याकडे? १९११ च्या जनगणनेत शंभर बायकांमध्ये जेमतेम एकीला लिहिता-वाचता येत होतं.

आता गंमत पाहा. या सैनिकांपैकीही पुष्कळांना लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे आणि लिहिता येणारा एखादा सोबती लिहून द्यायचा. मग पत्र जायचं सेन्सॉरच्या कचेरीत. पत्रातून काही बातमी फुटते का, सैनिक नाराज आहेत का, हे तिथं वाचून पाहिलं जाई. सैनिकही हुशार! गोरे शिपाई म्हणजे 'लाल मिरची' आणि आपले म्हणजे 'काळी मिरी', अशी सांकेतिक भाषा काहींनी काढली होती. एवढं करून पत्र गावी पोचलं, तरी बायकोला ते वाचता कुठं येत होतं? तेही दुसऱ्याच कुणीतरी वाचून दाखवायचं.

मनातली एखादी गोष्ट बायकोला सांगायची, तर मध्ये तीन परकी माणसं! मग ज्याच्या पत्राची ही तऱ्हा, त्याला शाळेत जाणारी फ्रेंच पोर पाहून काय वाटलं असेल? म्हणूनच काहींनी घरी कळवलं, की मुलांबरोबर मुलींनाही शिकवा. मृत्यू दोन कोसांवर उभा असताना त्यांना हे सांगावंसं वाटलं, बरं का!

त्यांतले कित्येक परत आलेच नाहीत. फ्रान्समधल्या नव्ह शापेल गावी त्यांचं स्मारक आहे. ज्यांची कबरसुद्धा सापडली नाही, अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं तिथं कोरली आहेत.

मूळ पत्रांपैकी बहुतेक आज उरलेली नाहीत. पण सेन्सॉरनं त्यांतले उतारे इंग्रजीत करून अहवालांना जोडले होते. ते मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवले आहेत. संशयापोटी केलेल्या नकला अशा आपल्या उपयोगी पडल्या!

तुमच्या घरी आजी-आजोबांची जुनी पत्रं असतील, तर सुट्टीत एकदा ती ट्रंक उघडा. आणि आजीला विचारा, तिच्या आजीला लिहिता येत होतं का?