छत्तीस हजार किलोमीटरचा वळसा

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर गायरांगर नावाचा फ्योर्ड आहे. हिमनदीने कोरलेली खोल खिंड, तिच्यात शिरलेला समुद्र आणि दोन्ही काठांना हजार मीटरहून उंच कडे. उन्हाळ्यात इथे मोठमोठ्या क्रूझ येतात. धबधबे पाहायला सगळे प्रवासी डेकवर जमतात. आणि नेमकं याच वेळी, केबिनमध्ये लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करू पाहणाऱ्याचं इंटरनेट वर्षानुवर्षं बंद पडत आलं आहे.

याचं कारण भूमितीत आहे. जहाजांना इंटरनेट पुरवणारे जुने उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर. त्यामुळे सरळ दक्षिणेला असलेला असा उपग्रह मुंबईच्या समुद्रातून क्षितिजाच्या वर ६८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ माथ्यावर दिसतो. गायरांगर ६२ अंशांवर आहे. तिथून असा उपग्रह फार तर २० अंश वर येतो. हात समोर लांब करा, अंगठा आणि करंगळी ताणा. जी वीत होईल, साधारण तेवढीच ती उंची. दक्षिणेचा कडा तेवढं आकाश सहज झाकून टाकतो आणि अख्ख्या जहाजाचा जगाशी संबंध तुटतो.

समुद्रावरून काम करण्याची गोष्ट मुळात अंतराची गोष्ट आहे. जाहिरातीत वेगाचे आकडे असतात, पण कामाची मीटिंग बिघडवतं ते अंतर.

आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये एका लेखात दाखवलं होतं, की सुमारे ३६ हजार किलोमीटरवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरेल आणि जमिनीवरून पाहणाऱ्याला एका जागी स्थिर भासेल. जहाजांसाठी हे वरदानच ठरलं. १९७६ मध्ये मॅरिसॅट उपग्रह आले, १९७९ मध्ये इनमारसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. संकटातल्या जहाजाची हाक किनाऱ्यापर्यंत पोचावी हा तिचा मूळ हेतू. या यंत्रणेतला एक दुवा आपल्या जुन्नर तालुक्यात होता. आर्वी इथल्या विक्रम भू-उपग्रह केंद्रात जहाजांवरून आलेले संदेश उतरत. दर्यावरचा आवाज ऊस-द्राक्षांच्या शेतांशेजारी जमिनीला लागत होता, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

आता हिशेब करू. जहाजावरून तुम्ही एक पान उघडायला सांगता. ती मागणी उपग्रहापर्यंत वर जाते, तिथून जमिनीवरच्या केंद्रात उतरते. उत्तरही त्याच वाटेने परत येतं. चार टप्पे, मिळून सुमारे १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात गेला. मधल्या यंत्रांचा वेळ धरला की सहाशे मिलीसेकंद किंवा त्याहून जास्त होतात.

अर्धा सेकंद क्षुल्लक वाटतो. संभाषणात तो नसतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार बोलणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्यापर्यंत १५० मिलीसेकंदांत पोचला तर बोलणं सहज चालतं आणि ४०० च्या वर ते चालवू नये. या उपग्रहांच्या वाटेवर नुसत्या एकेरी प्रवासालाच २४० लागतात. मग दोघं एकदम बोलू लागतात, दोघं एकदम थांबतात, ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ यातच मीटिंग सरते.

फाइल पाठवताना अडचण वेगळीच होते. इंटरनेटचा नियम असा, की पाठवणाऱ्याने काही माल पाठवायचा, पोचपावतीची वाट पाहायची आणि मगच पुढचा पाठवायचा. या व्यवस्थेच्या मूळ रचनेत पावतीशिवाय जास्तीत जास्त ६४ किलोबाइट पाठवता येत. पावती यायला सहाशे मिलीसेकंद लागणार असतील, तर एका जोडणीला सेकंदाला एक मेगाबिटसुद्धा मिळत नाही, मग जहाजाने कितीही मोठी लाइन घेतलेली असो. रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येत नाही.

पुढे ही मर्यादा वाढवण्यात आली. उपग्रह कंपन्यांनीही एक युक्ती केली: जहाजावर एक मधलं यंत्र बसवलं. जमिनीवरची खरी पावती येण्याआधीच ते तुमच्या लॅपटॉपला ‘पोचलं’ असं कळवतं आणि पुढचा माल मागून घेतं. साधी वेबपानं त्यामुळे बरी चालू लागली. पण ऑफिसचं काम व्हीपीएनवरून चालतं. व्हीपीएन म्हणजे सीलबंद पाकीट. आत काय आहे हे मधल्या यंत्राला दिसत नाही, म्हणून त्याला परस्पर पावती देता येत नाही. शेजारच्या केबिनमधल्या प्रवाशाच्या बातम्या झरझर उघडतात आणि नोकरदाराची एक तक्ता-फाइल अडकून बसते, याचं रहस्य हे.

अंतर कमी करणं हाच उपाय होता. २०१३ पासून ओ-थ्री-बी मालिकेचे उपग्रह आठ हजार किलोमीटरवर ठेवले गेले आणि ‘ओएसिस ऑफ द सीज’सारख्या अवाढव्य क्रूझनी ते वापरले. विलंब दीडशे मिलीसेकंदांच्या आसपास उतरला. मग स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेने मे २०१९ पासून साधारण ५५० किलोमीटरवर उपग्रहांचे थवेच सोडायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२२ मध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने आपल्या सगळ्या जहाजांवर ही सेवा बसवण्याचं जाहीर केलं. चार टप्प्यांचा तोच हिशेब इथे केला तर प्रवासाला जेमतेम सात-आठ मिलीसेकंद लागतात. प्रत्यक्षात पन्नास-साठ होतात, किनारा फार दूर असेल तर अधिक. माणसाच्या कानाला ते जाणवत नाही.

मात्र एवढ्या खाली असलेला उपग्रह आकाशात थांबत नाही. तो सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो आणि काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. जुन्या पद्धतीत जहाजाच्या माथ्यावर मोठे पांढरे घुमट असत, आजही दिसतात. त्यांच्या आत तबकडी असते. जहाज दहा अंश उजवीकडे कललं की मोटारी तबकडीला दहा अंश डावीकडे वळवतात, म्हणजे तिची नजर उपग्रहावरून हलत नाही. धुराडं किंवा डोलकाठी आड आली तर दुसऱ्या बाजूचा घुमट काम उचलतो. नव्या अँटेना सपाट पाटीसारख्या असतात. एका पाटीवर शेकडो चिमुकल्या अँटेना, प्रत्येकीने लाट किती क्षणांश आधी वा नंतर सोडायची ते ठरवून झोत हव्या त्या दिशेला वळवला जातो. आत काहीही न हलता तो एका उपग्रहावरून दुसऱ्यावर जातो. म्हणूनच गायरांगरसारख्या खिंडीतही आता आशा आहे. दक्षिणेचं आकाश झाकलं तरी डोक्यावरच्या पट्टीतून कुठला ना कुठला उपग्रह जात असतो.

भरसमुद्रात उपग्रहाखाली जमिनीवरचं केंद्र नसतं. तिथे उपग्रह लेसरच्या किरणांनी आपसांत माल पुढे सरकवतात आणि केंद्र सापडेल तिथे तो खाली उतरवतात. प्रकाश काचेच्या तारेत सेकंदाला दोनच लाख किलोमीटर जातो, पोकळीत तीन लाख. त्यामुळे लांब पल्ल्यावर ही आकाशातली वाट समुद्रतळावरच्या केबलपेक्षाही जलद ठरू शकते.

एवढं होऊनही तुमच्या केबिनमध्ये वाय-फाय रडत असेल, तर दोष आकाशाचा नसून पोलादाचा आहे. जहाजाच्या भिंती, मजले, दारं धातूची, आणि धातू रेडिओलहरी अडवतो. त्यात आजच्या सर्वांत मोठ्या क्रूझवर प्रवासी आणि कर्मचारी मिळून दहा हजारांच्या घरात माणसं असतात. बंदर नसलेल्या दिवशी सगळेच ऑनलाइन येतात. ज्यांना काम करायचंय त्यांनी महत्त्वाची मीटिंग बंदराच्या दिवशी, बाकीचे फिरायला उतरलेले असताना ठेवावी. मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवून फक्त वाय-फाय चालू करावं, नाहीतर तो जहाजाच्या स्वतःच्या मोबाइल नेटवर्कला जोडला जातो आणि रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. अटलांटिक ओलांडणार असाल तर घड्याळही सांभाळा. साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला पोचेपर्यंत पाच तास मागे यावं लागतं, आणि ते एका रात्रीत येत नाही. जवळजवळ रोज एकेका तासाने तुमचं पुण्यातलं ऑफिस दूर सरकतं.

किनारा जवळ आल्यावर कायदा आडवा येतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत त्या-त्या देशाचा अंमल. तिथला परवाना नसेल तर सेवा बंद ठेवावी लागते. भारताने विमानं आणि जहाजांसाठीचे नियम २०१८ मध्ये केले आणि उपग्रहाची वाहतूक भारतातल्याच केंद्रातून जावी अशी अट घातली.

या सगळ्यात एक माणूस विसरला जातो, त्याची नोकरीच बोटीवर आहे. गोव्यात त्याला तारवटी म्हणतात. क्रूझच्या स्वयंपाकघरात, इंजिनरूममध्ये, केबिनच्या साफसफाईत गोव्याचे आणि कोकणातले कित्येक जण महिनोन्‌महिने राबतात. प्रवाशाला इंटरनेट ही सोय आहे. याच्यासाठी ते लेकराचा चेहरा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात झालेली दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. खलाशांना घरच्यांशी बोलता येईल अशी इंटरनेटची सोय शक्य तिथे मालकाने करावी, आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असं ती सांगते. भारताने हा करार २०१५ मध्येच स्वीकारला आहे. तुमच्या घरातलं कोणी बोटीवर जायला निघालं असेल, तर पगाराबरोबर हेही विचारून घ्या: कामगारांना इंटरनेट किती मिळणार, आणि किती पैशांत?