स्वप्रतिरक्षित यकृतशोथ : कारणमीमांसा आणि गुळवेलीचा प्रश्न

कोविडच्या साथीत आपल्यापैकी बहुतेकांनी गुळवेल मुक्तहस्ते दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या चिकित्सा-मार्गदर्शिकेतही गुडूची घनवटीचा समावेश होता. पुढे २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि एकच खळबळ उडाली. मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य करून वनस्पतीच्या ओळखीबाबत शंका घेतली. परंतु २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. यावर केवळ रोष व्यक्त करणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. या रुग्णांत ज्या व्याधीची लक्षणे आढळली, तिची कारणे प्रथम समजून घेतली पाहिजेत.

व्याधीचे स्वरूप

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणा यकृताच्याच पेशींना परके मानून त्यांवर आघात करू लागते, तेव्हा त्यास स्वप्रतिरक्षित यकृतशोथ (ऑटोइम्यून हिपॅटायटिस) म्हणतात. स्वीडनचे वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९५० मध्ये तरुण स्त्रियांतील अशा चिवट यकृतविकाराचे वर्णन केले. मेलबर्नच्या इयान मॅके यांनी १९५६ मध्ये ल्यूपस व्याधीशी असलेल्या साम्यावरून त्यास ‘ल्यूपॉइड’ यकृतशोथ असे नाव दिले. हा विकार स्त्रियांत पुरुषांच्या कितीतरी पट अधिक आढळतो. रक्तात आयजीजी वाढते आणि एएनए, एसएमए यांसारखी स्वप्रतिपिंडे मिळतात.

कारणांचा शोध

एकच एक कारण सापडलेले नाही. क्षेत्र अनुकूल असावे लागते आणि त्यावर उत्तेजक हेतूही पडावा लागतो, असे आजचे मत आहे. अनुकूलता मुख्यतः आनुवंशिक असते. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए समूहातील डीआर-३ व डीआर-४ हे प्रकार या रुग्णांत अधिक दिसतात. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींचे कार्य उणे पडते, असेही अनेक अभ्यासांत आढळले आहे.

उत्तेजक हेतूंमध्ये विषाणू येतात. हिपॅटायटिस सी विषाणूच्या काही प्रथिनांशांचे यकृतातील सीवायपी-२डी६ या विकराशी साम्य आहे. त्यामुळे शत्रूसाठी तयार झालेले अस्त्र स्वकीयांवरही चालू शकते. औषधेही हेतू ठरतात. मिनोसायक्लीन व नायट्रोफ्युरँटॉइन या आधुनिक औषधांनी असाच शोथ होतो, हे पूर्वीपासून ज्ञात आहे. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये एंटेरोकॉकस गॅलिनेरम हा आतड्यातील जिवाणू आतड्याची भिंत ओलांडून यकृतात पोहोचतो व स्वप्रतिरक्षा चेतवतो, हे उंदरांत दाखविले. रुग्णांच्या यकृतातही त्याचा अंश मिळाला. कोष्ठ आणि यकृत यांचा संबंध आपणांस नवा नाही.

हा शोथ दीर्घकाळ धुमसत राहिला की यकृतातील तारकापेशी तंतू निर्माण करू लागतात आणि अखेर सिऱ्होसिस होतो. घात असा की, पुष्कळ रुग्णांना तोवर काहीच जाणवत नाही. सुमारे एकतृतीयांश रुग्णांत निदानसमयीच सिऱ्होसिस असतो.

गुळवेलीचे स्थान

त्या ४३ रुग्णांत गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. अनेकांत जुना यकृतविकार अकस्मात बळावला. सुप्तावस्थेतील स्वप्रतिरक्षित विकार गुळवेलीने उघड होऊ शकतो, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. गुळवेलीतील बहुशर्करा भक्षकपेशींना चेतवतात, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे. आपण जो गुण म्हणून सांगतो, तोच गुण स्वप्रतिरक्षेच्या रुग्णात दोष ठरू शकेल. गुळवेल घेणाऱ्या असंख्य लोकांच्या तुलनेत ४३ हा आकडा अल्प आहे, हे खरे. तथापि आपल्यासमोर बसलेला रुग्ण त्यांपैकी असणार नाही, याची हमी कोण देणार?

आपले कर्तव्य

१. गुळवेल दीर्घकाळ देण्यापूर्वी थायरॉइड, आमवात, ल्यूपस, मधुमेह व यकृतविकार यांचा इतिहास विचारावा. स्वप्रतिरक्षित विकार असल्यास ती टाळणे श्रेयस्कर.

२. शंका असल्यास एसजीपीटी व बिलिरुबिन तपासावे. अरुची, थकवा, लघवीस गडद पिवळेपणा दिसताच औषध थांबवून रुग्णास यकृततज्ज्ञाकडे पाठवावे. निदानपरिवर्जन हीच येथे पहिली चिकित्सा होय.

३. प्रेडनिसोलोन वा अ‍ॅझाथायोप्रीन चालू असलेल्या रुग्णाची ती औषधे आपण परस्पर बंद करू नयेत. व्याधी उलटण्याचा धोका असतो.

४. औषधनिर्मात्यांनी कच्च्या मालाची ओळख पटविल्याविना तो स्वीकारू नये. टिनोस्पोरा क्रिस्पा या जातीच्या खोडावर दाट गाठी असतात. आपल्या गुळवेलीच्या खोडावर तशा नसतात. चूर्ण झाल्यावर हा भेद डोळ्यांना दिसत नाही.

५. औषधविक्रेत्यांनी ‘रोज घ्या, अपाय नाही’ असे सांगून घनवटी वा काढा देऊ नये.

६. संशयित दुष्परिणाम २०१८ पासून कार्यरत असलेल्या आयुष औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळवावा.

गुळवेलीची प्रतिष्ठा आरोप फेटाळून टिकणार नाही. ती योग्य रुग्णाच्या निवडीने, शुद्ध द्रव्याने आणि प्रामाणिक नोंदींनी टिकेल. सर्व वैद्यबंधुभगिनींनी व औषधालयचालकांनी यात सहकार्य करावे, ही नम्र विनंती.