डायलिसिसला न्यायचे, पण कोणत्या गाडीने?

छातीत कळ आली, अपघात झाला तर 108. गरोदर माता आणि तान्ह्या बाळासाठी 102. पण अशक्त झालेल्या अब्बांना आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला न्यायचे असेल, तर गाडीची सोय घरच्यांनीच करायची. एक फेरी चुकली की अंगात पाणी साचते, दम लागतो.

म्हणून नाव लावतानाच अंतर पाहा. पाटोदेकरांना बीडचे जिल्हा रुग्णालय सोयीचे, केजकरांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय. जुम्याचा दिवस टाळायचा असेल तर वेळापत्रक ठरण्याआधी सांगा, नंतर कोणी बदलून देत नाही. उपचार साधारण चार तास चालतो. रिक्षावाल्याशी बोलताना थांबण्याचे पैसेही ठरवून टाका, नाहीतर संध्याकाळी दवाखान्याच्या दारात वाद होतो. वस्तीत दुसरा रुग्ण असेल तर दोघांनी एकच वेळ मागून गाडी वाटून घ्यावी.

चालता येत असेल तर एसटी आहेच. डायलिसिसच्या रुग्णांना सवलत मिळते, कागदपत्रे आगारात विचारा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून तिकीट नाही, सोबतच्या अम्मीला 2023 पासून निम्मे. परतताना मात्र रक्तदाब उतरतो, चक्कर येते. रुग्णाला एकटे बसवून देऊ नका.