संगणक मंद नाही, दार अडले आहे!

रात्री अभ्यासाला बसलेली मुलगी पडद्याकडे नुसती पाहत राहिली की आपल्याला वाटते, यंत्र जुने झाले. मग पतपेढीच्या कर्जाची गोष्ट निघते. कर्ज काढण्यापूर्वी वेळ नेमका कुठे जातो, हे एकदा तपासले पाहिजे.

आमच्या वस्तीतील एका रोजंदारी कामगाराची मुलगी संगणकाचे शिक्षण घेते. जुन्या बाजारातून घेतलेल्या लॅपटॉपवर ती व्हर्च्युअलबॉक्सच्या साहाय्याने आणखी एक संगणक चालवते. हा संगणक लॅपटॉपच्या पोटातच राहतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यात काही बिघडले तरी मूळ लॅपटॉप शाबूत राहतो, म्हणून शिकणाऱ्यांना तो फार उपयोगी.

या आतल्या संगणकात शिरण्याचे दार म्हणजे एसएसएच. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यातून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू उलोनेन यांनी १९९५ साली ही सुरक्षित पद्धत तयार केली. आज जगभर तिचीच सुधारित आवृत्ती वापरात आहे.

या मुलीला दर वेळी दारात १० सेकंद थांबावे लागे. रात्रीतून ३० वेळा आत-बाहेर केले की ५ मिनिटे गेली. महिन्याच्या २५ दिवसांत दोन तासांहून अधिक, म्हणजे एका अख्ख्या रात्रीचा अभ्यास गेला! शिवाय दर वेळी लक्ष तुटते ते वेगळेच. वडिलांनी नव्या यंत्रासाठी कर्जाचा अर्जही आणला होता.

पण मुलीने दोन गोष्टी हेरल्या. एक, आत शिरल्यावर काम झटपट होई. यंत्र मंद असते तर आतही रखडले असते. दुसरी, मोबाइलचा डेटा चालू असला की दार लगेच उघडे. पैसे वाचवण्यासाठी डेटा बंद केला की मात्र रखडे.

कारण असे. दारावरचा रखवालदार येणाऱ्याला आत घेण्यापूर्वी त्याच्या पत्त्यावरून नाव शोधू पाहतो. हे नाव तो डीएनएस नावाच्या नोंदवहीकडे विचारतो. डेटा बंद असल्याने उत्तर येत नाही. सर्वसाधारणपणे तो ५ सेकंद वाट पाहतो, पुन्हा विचारतो, आणखी ५ सेकंद थांबतो. मग नावाशिवायच पुढे जातो. एवढ्याचसाठी ते १० सेकंद!

उपाय एका ओळीचा. आतल्या संगणकाच्या 'एसएसएचडी कॉन्फिग' या फाईलमध्ये 'यूजडीएनएस'पुढे 'नो' लिहायचे आणि ती सेवा पुन्हा सुरू करायची. ओपनएसएसएचने २०१५ सालच्या ६.८ आवृत्तीपासून हे 'नो' मुळातच दिले आहे. जुन्या तयार मशीनमध्ये ते हाताने करावे लागते. एवढ्याने भागले नाही, तर 'जीएसएसएपीआय ऑथेंटिकेशन' हेही 'नो' करून पाहावे. ती मोठ्या कार्यालयांची सोय आहे, घरी तिची गरज नसते.

पुढची युक्ती लॅपटॉपच्या बाजूची. लिनक्सवर 'कंट्रोलमास्टर', 'कंट्रोलपाथ' आणि 'कंट्रोलपर्सिस्ट' या तीन ओळी लिहिल्या की एकदा उघडलेली वाट ठरावीक वेळ उघडी राहते. पुढच्या फेऱ्या त्याच वाटेने होतात, दर वेळी ओळख पटवावी लागत नाही. व्हेग्रंट वापरणाऱ्यांनी 'व्हेग्रंट एसएसएच-कॉन्फिग'ची माहिती आपल्या फाईलमध्ये उतरवून थेट एसएसएचने जावे. व्हेग्रंटची स्वतःची तयारी होईपर्यंत जाणारा वेळ वाचतो.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी. फाईल बदलताना आत शिरलेली एक खिडकी उघडीच ठेवावी, म्हणजे चूक झाली तर ती दुरुस्त करता येते. आणि घाईपोटी पासवर्ड किंवा किल्लीची तपासणी काढू नये. आपल्याला रखवालदाराची निरर्थक चौकशी थांबवायची आहे, दाराचे कुलूप काढायचे नाही.

आता त्या मुलीचे दार डेटा बंद असतानाही चटकन उघडते. कर्जाचा अर्ज कोराच राहिला. आपल्या घरी कोणी असे शिकत असेल, तर आज एवढेच विचारा : "बाळ, दारात थांबतेस की आत?" उत्तर दारात असेल, तर दुकानाकडे जाण्याची घाई करू नका.